सखालिनला गेलेल्या ६९७ जणी

चेकॉव्हचे नाव घेतले की मराठी वाचकाला त्याच्या कथा आठवतात आणि नाटकवाल्यांना त्याची चेरीची बाग आठवते. एखादा थकलेला डॉक्टर, एखादा भित्रा कारकून, पाहुण्यांची वाट पाहत बसलेली एखादी बाई, हे त्याचे जग आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. पण याच लेखकाने कैद्यांच्या एका बेटावर तीन महिने राहून तेवीस प्रकरणांचा एक जाडजूड ग्रंथ लिहिला, हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटते. 'सखालिन बेट' हे त्या ग्रंथाचे नाव. १८९३ पासून तो एका रशियन मासिकातून क्रमशः येऊ लागला आणि १८९५ साली पुस्तकरूपाने निघाला. चेकॉव्हवर लिहिणारे मोठ्या आदराने त्याचा उल्लेख करतात आणि लगेच पुढच्या कथेकडे वळतात. माहितीपूर्ण आहे, माणुसकीने भरलेला आहे, पण रूक्ष आहे. त्याला साहित्य म्हणावे की सरकारी अहवाल म्हणावे, असा एकंदर सूर असतो.

मला या ग्रंथाविषयी जे म्हणायचे आहे ते थोडे वेगळे आहे. नवरा तुरुंगाच्या गावी गेला. आता बायकामुलांनी त्याच्यामागे तेथे राहायला जावे की जाऊ नये, या एका प्रश्नापुरता तरी हा रूक्ष ग्रंथ चेकॉव्हच्या उत्तम कथेच्याही एक पाऊल पुढे गेलेला आहे, आणि त्याचे श्रेय त्याच्या रूक्षपणालाच द्यावे लागते. हे विधान धाडसाचे वाटेल याची जाणीव आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रथम त्या गावाची ओळख करून घेऊ. सखालिन हे रशियाच्या अगदी पूर्व टोकाला, जपानच्या उत्तरेला असलेले लांबट बेट. झारच्या राजवटीत तेथे जन्मठेपेचे आणि सक्तमजुरीचे कैदी पाठवीत. बेटावरच्या कारभाराचे मुख्य ठाणे म्हणजे अलेक्सान्द्रोव्स्क. १८८१ साली वसवलेले, समुद्रकाठचे, लाकडी घरांचे आणि लाकडी पदपथांचे हे गाव चेकॉव्ह तेथे गेला तेव्हा जेमतेम तीन हजार वस्तीचे होते. वरवर पाहता नीटनेटके. मात्र गावाचे पोट भरत होते ते तुरुंगावर. अधिकारी, पहारेकरी, शिक्षा भोगणारे, शिक्षा संपवून तेथेच जमीन कसायला बसवलेले, आणि त्यांच्यामागे आलेली कुटुंबे, एवढेच काय ते नागरिक.

आणि हवा! पावसाळ्याचे कौतुक आपल्या बेळगावकडच्या माणसाला कोणी सांगू नये. जून लागला की चार महिने ओल्या कपड्यांत काढण्याची आपल्याला सवय आहे. पण आपल्या पावसामागून दसरा येतो, ऊन पडते, भात कापणीला येतो. चेकॉव्हने दिलेल्या आकड्यांनुसार अलेक्सान्द्रोव्स्कला वर्षातले सरासरी १८९ दिवस आकाशातून काही ना काही पडतच असे. १०७ दिवस बर्फ आणि ८२ दिवस पाऊस. वर्षाचे सरासरी तापमान शून्याच्या जेमतेम वर. सूर्य आठवडेच्या आठवडे दिसत नाही, धान्य पिकता पिकत नाही, आणि समोरच्या समुद्रातून सुटकेचा रस्ता नाही. शिक्षा संपलेल्या माणसालाही मुख्य भूमीवर परतण्यापूर्वी बेटावर बरीच वर्षे काढावी लागत. अशा गावी राहायला जायचे की नाही, हा प्रश्न रशियातल्या कुठल्या तरी खेड्यात चुलीपुढे बसलेल्या बाईसमोर येत असे.

चेकॉव्हला तेथे कोणी पाठवले नव्हते. वय तीस, नाव होऊ लागलेले, प्रकृतीला क्षयाची चाहूल लागलेली. तरी १८९० च्या एप्रिलमध्ये तो मॉस्कोहून निघाला, रेल्वे, बोटी आणि घोडागाड्या बदलत चिखलातून आणि पुरांतून सबंध सायबेरिया ओलांडून जुलैमध्ये अलेक्सान्द्रोव्स्कला उतरला, आणि ऑक्टोबरात परतीच्या आगबोटीत बसला. या तीन महिन्यांत त्याने केलेली गोष्ट कोणत्याही कथालेखकाने क्वचितच केली असेल. त्याने बेटावरच्या वस्तीची शिरगणती केली. बेटावरच्याच सरकारी छापखान्यात दहा हजार कार्डे छापून घेतली आणि झोपडी झोपडी हिंडून ती स्वतः भरली. शिरगणतीचे निष्कर्ष अचूक असावेत असा त्याचा आग्रह नव्हता. या निमित्ताने प्रत्येक उंबरठ्याच्या आत जाता येईल आणि प्रत्येक माणसाशी दोन शब्द बोलता येतील, हा खरा हेतू. आणि तो त्याने ग्रंथात मोकळेपणी सांगितलेला आहे.

कार्डावर बारा रकाने होते. ठाण्याचे किंवा वस्तीचे नाव, घराचा क्रमांक, माणसाचा दर्जा म्हणजे तो कैदी की मोकळा, नाव आणि घरमालकाशी नाते, वय, धर्म, जन्मस्थळ, बेटावर आल्याचे वर्ष, धंदा, लिहितावाचता येते का. अकरावा रकाना लग्नाचा, आणि त्यात एक पोटप्रश्न: लग्न कोठे झालेले, मायदेशी की सखालिनवर? बारावा, सरकारकडून काही मदत मिळते का? बाईचे कार्ड असले तर त्यावर तो तांबड्या पेन्सिलीने उभी रेघ ओढी.

ज्यांनी शाळेचे दाखले लिहिण्यात हयात घालवली त्यांना अशा रकान्यांचे सामर्थ्य आणि दुबळेपण दोन्ही ठाऊक असते. आमच्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो आणि त्यात वर्षानुवर्षे 'वडिलांची बदली' हे दोन शब्द पडतात. ते खरेच असतात. पण त्या दोन शब्दांमागे त्या घरात कोण काय बोलले, आईला जायचे होते का, मुलाला मराठी शाळा सोडून कानडी किंवा इंग्रजी शाळेत बसायचे होते का, यांतले काहीच त्या रकान्यात मावत नाही. चेकॉव्हचे मोठेपण असे की त्याने रकाना भरला, बेरीज केली, आणि मग त्या रकान्यात न मावलेले सगळे सोळाव्या आणि सतराव्या प्रकरणांत लिहून काढले.

सोळावे प्रकरण बायकांचे आहे. त्याच्या मोजणीत स्वतः गुन्ह्यासाठी बेटावर आलेल्या, म्हणजे कैदी असलेल्या किंवा शिक्षा संपून वसाहतीत राहिलेल्या बायका भरल्या १०४१. आणि कोणताही गुन्हा नसताना, कोणतीही सक्ती नसताना नवऱ्यामागे आपल्या पायांनी चालत आलेल्या भरल्या ६९७. म्हणजे बेटावरच्या प्रत्येक शंभर प्रौढ बायकांत चाळीस जणी अशा होत्या की ज्यांना कोणत्याही न्यायालयाने तेथे धाडलेले नव्हते.

या का आल्या? येथे एखादा भावनाप्रधान लेखक असता तर त्याने सती-सावित्रीची आठवण काढली असती. रशियन साहित्याला तशी सवयही होती. १८२५ च्या फसलेल्या उठावानंतर सायबेरियात गेलेल्या सरदारांच्या मागे त्यांच्या बायका गेल्या. पदव्या आणि हक्क सोडून, पुढे होणाऱ्या मुलांच्या दर्जावरही पाणी सोडून गेल्या. नेक्रासोव्हने पुढे १८७० च्या सुमारास त्यांच्यावर दीर्घ काव्य रचले आणि त्या बायका राष्ट्राच्या पूज्य विभूती झाल्या. त्यांचा त्याग खोटा होता असे कोण म्हणेल? परंतु त्या राजकन्या होत्या. त्यांना वाचता येत होते, त्यांचे वकील होते, जाण्याचा अर्थ त्यांना समजावून सांगणारे आणि अडवणारे अधिकारी होते. काय सोडतो आहोत याची यादी त्यांच्यापुढे होती.

चेकॉव्हच्या ६९७ जणी शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या बायका. त्यांत रशियन होत्या, तातार होत्या, ज्यू, जिप्सी, पोलिश आणि जर्मन होत्या. त्यांच्या येण्याची कारणे चेकॉव्ह एका डॉक्टरच्या थंड हाताने एकेक करून मांडतो. काही जणी प्रेमापोटी आणि दयेपोटी आल्या. काहींची श्रद्धा अशी की नवराबायकोला वेगळे करण्याचा अधिकार देवाशिवाय कोणालाच नाही. काही जणी लाजेने आल्या; कारण खेड्यात नवऱ्याच्या गुन्ह्याचा डाग बायकोच्या कपाळी बसतो, पाणवठ्यावर तिला टोमणे ऐकावे लागतात, आणि त्यापेक्षा दूरचे बेट बरे वाटते. आणि काही जणी पत्रांमुळे आल्या.

या पत्रांपाशी मी वाचकाला थोडे थांबायला सांगेन. तुरुंगातून किंवा बोटीवरून नवरे घरी लिहीत की सखालिन उबदार आहे, जमीन भरपूर, भाकरी स्वस्त, अधिकारी दयाळू. चेकॉव्ह स्पष्टच म्हणतो की हे लिहिणाऱ्यांची भिस्त घरच्यांच्या अज्ञानावर असे. हे नवरे जात्याच खोटारडे होते असे समजायचे कारण नाही. त्यांना माणूस हवे होते. शिवाय कुटुंब आले की कैद्याला तुरुंगाच्या कोठीबाहेर स्वतःच्या झोपडीत राहण्याची सवलत मिळू शके. म्हणजे बायकोच्या येण्याने नवऱ्याची शिक्षा हलकी होई आणि बायकोची सुरू होई. पत्रातल्या प्रत्येक गोड ओळीमागे हा हिशेब, कळत असो वा नकळत, उभा होता. सरकारलाही कुटुंबे हवीच होती. बेटावर शेती रुजवायची तर घरे हवीत आणि घराला बाई हवी. ज्याला ज्याला तिच्या जाण्याचा लाभ होता त्याने तिला गावाचे वर्णन करून सांगितले. जिला तेथे राहायचे होते तिच्याजवळ दुसरी माहिती नव्हती.

आणि पोचल्यावर? १८८९ च्या ऑक्टोबरात एक आगबोट तीनशे माणसे घेऊन अलेक्सान्द्रोव्स्कला लागली. त्यांत मोकळ्या बायका होत्या, वाढत्या वयाची मुले होती, लहान पोरे होती. व्लादिवोस्तोकहून तीन-चार दिवस थंडीत, गरम अन्नाशिवाय प्रवास झालेला. उतरल्यावर त्यांत २६ जण गोवर, देवी आणि लोहितज्वराने आजारी निघाले. नव्याने आलेल्या बाईचे चेकॉव्हने केलेले निदान तर विसरता येत नाही. ती सुन्न झालेली असते. आपण स्वतःला फसवले नव्हते, वाईटच असणार हे धरून निघालो होतो, पण प्रत्यक्षात त्याहून भयंकर निघाले, असे ती सांगते. आधी आलेल्या बायकांची दैना ती पाहते आणि आपण व आपली मुले बुडालो अशी तिची खात्री होते. नवऱ्याच्या शिक्षेची दहा-पंधरा वर्षे उरलेली असतात आणि ही मात्र आजच परतीची स्वप्ने पाहू लागते. येथे शेत करू, घर करू, हे ऐकायलाही तयार नसते. पुढे बरोबर आणलेले किडूकमिडूक विकून होते. काम नसते. पोट असते, पोरांची पोटे असतात. मग काही जणींच्या वाट्याला जे येते ते चेकॉव्ह आडपडदा न ठेवता, पण एकही विशेषण न वापरता लिहितो.

सतरावे प्रकरण मुलांचे. एका वस्तीतल्या झोपडीत चेकॉव्हला दहाएक वर्षांचा एक पोरगा एकटाच भेटतो. कार्ड भरायचे म्हणून तो बापाच्या वडिलांचे नाव विचारतो, तर पोराला ते ठाऊक नाही. कारण घरात राहतो तो त्याचा खरा बापच नव्हे. आईविषयी विचारावे तर ती विधवा आहे आणि नवऱ्यामुळे येथे आली आहे असे उत्तर येते. 'नवऱ्यामुळे' याचा अर्थ चेकॉव्ह विचारतो तेव्हा पोरगा सहजपणे सांगतो की तिने त्याला मारले. आणखी एक चित्र आमूर नदीवरच्या बोटीतले. पायांत बेड्या असलेला, बायकोचा खून केलेला एक कैदी, त्याच्याबरोबर त्याची सहा वर्षांची आईवेगळी मुलगी. बाप जिना चढतो तेव्हा ती त्याची बेडी धरून मागोमाग चढते. ही दृश्ये लेखकाने कथेसाठी राखून ठेवली नाहीत, अहवालात घातली. कारण कथेत गेली असती तर ती एका पोराची आणि एका मुलीची झाली असती. आकड्यांच्या शेजारी ठेवल्यामुळे ती त्या बेटाची झाली.

हेच माझ्या मूळ विधानाचे एक अंग. दुसरे अंग पाहण्यासाठी त्याच्या कथेकडे वळले पाहिजे.

सखालिनहून परतल्यावर १८९२ साली चेकॉव्हने 'हद्दपारीत' ही छोटी कथा लिहिली. स्थळ समुद्रकाठचे नाही, सायबेरियातल्या एका मोठ्या नदीचे. काठावर तरीवाले हद्दपार कैदी. त्यांतला सेम्यॉन म्हातारा, बावीस वर्षे तेथे काढलेला. त्याचे तत्त्वज्ञान असे की काहीही मागू नये. बायको नको, घर नको, सुटका नको. सैतान अशाच इच्छांनी माणसाला पकडतो. दुसरा एक तरुण तातार, नुकता आलेला, निरपराध, बायकोच्या आठवणीने झुरणारा. वडील वारले म्हणजे आई आणि बायको आपल्याकडे येणार, या आशेवर तो जगतो आहे. सेम्यॉन त्याला एका हद्दपार सरदाराची हकीकत सांगतो. त्याची बायको त्याच्यासाठी सायबेरियात आली, तीन वर्षे राहिली आणि मग दुसऱ्या माणसाबरोबर निघून गेली. लेक राहिली, ती मोठी झाली, आता क्षयाने खंगते आहे आणि बाप डॉक्टरांमागे धावतो आहे. पाहा, मागितले त्याचे हे फळ, असा म्हाताऱ्याचा दाखला. त्यावर तो तातार मोडक्यातोडक्या भाषेत उसळून सांगतो की बायको एक दिवस आली तरी तो दिवस आपला. सरदार जिवंत आहे आणि म्हातारा दगड आहे.

कथा म्हणून ही निर्दोष आहे. वाचताना आपण तातारच्या बाजूने होतो, आणि व्हावेच. शेवटी झोपडीचे दार वाऱ्याने उघडे पडते, आत थंडी शिरते, कोणीही उठून ते लावीत नाही आणि बाहेर तो पोरगा रडत राहतो. या शेवटापाशी भल्याभल्या समीक्षकांनी हात जोडले तर नवल नाही.

पण सोळावे प्रकरण आधी वाचून मग ही कथा वाचा. काहीतरी खटकू लागते. वाद दोन पुरुषांचा आहे: बायकोने यावे अशी इच्छा करावी की करू नये? ती येईल तेव्हा कोठे राहील, काय खाईल, हा प्रश्न तातारच्या मनात येऊन जातो, पण कथा त्यापाशी थांबत नाही. सरदाराची बायको तीन वर्षांनी गेली एवढेच आपल्याला कळते. ती गेली म्हणून वाचक तिला चंचल ठरवून मोकळा होतो. त्या तीन वर्षांत तिने काय पाहिले हे कथा सांगत नाही. पण शिरगणती सांगते. बोटीतून उतरलेल्या बाईचा तो सुन्न चेहरा मनात ठेवला की सरदाराची बायको पळपुटी राहत नाही. तिला जे दिसले त्यावरून तिने आपला निर्णय बदलला, आणि पैसा व मान असल्यामुळे तिला तो बदलता आला. सखालिनच्या ६९७ जणींपैकी किती जणींना ते शक्य होते? आणि लेक? तिला ना येताना कोणी विचारले ना ठेवून जाताना. क्षय मात्र तिच्या वाट्याला आला.

तातारची हाक माणसाची हाक आहे, तिच्यावाचून साहित्य नाही. परंतु एका दिवसाचे सुख मागणारा तो आणि त्या एका दिवसासाठी जन्म देणारी ती, यांचा हिशेब एकाच वहीत मांडायचा तर कथा अपुरी पडते. ती ज्याच्या डोळ्यांनी पाहते त्याच्याशी बांधलेली असते. रूक्ष ग्रंथ कोणाच्याच डोळ्यांशी बांधलेला नाही, म्हणून तेथे ती दुसरी बाजू मावली. माझे विधान आहे ते एवढेच.

याचा अर्थ ग्रंथात दोष नाहीत असा नव्हे. पहिली तेरा-चौदा प्रकरणे वस्त्यांच्या यादीसारखी वाटतात. आपल्या वाचकाला तेथे धीर धरावा लागेल. त्याहून मोठा दोष सांगतो. सहाव्या प्रकरणात येगोर नावाच्या एका कैद्याची हकीकत चेकॉव्हने सबंधच्या सबंध त्याच्याच तोंडून सांगितली आहे. बायकांविषयी एवढ्या कळवळ्याने लिहिणाऱ्या या ग्रंथात एकाही बाईला असे स्वतंत्र प्रकरण मिळालेले नाही. त्यांची कारणे लेखक सांगतो, त्यांची निराशा लेखक सांगतो. त्यांच्यापैकी एक जण तरी आपल्या शब्दांत 'मी का निघाले' हे सांगती तर हा ग्रंथ आज कुठल्या कुठे असता.

आता आपल्याकडे पाहू. कैद्यांचे पावसाळी बंदर आपल्यालाही अपरिचित नाही. १८५७ नंतर, १८५८ साली इंग्रजांनी अंदमानात पोर्ट ब्लेअरला वसाहत घातली. काही वर्षे शिक्षा भोगलेल्या कैद्याला तेथे स्वतः कमावून राहण्याची आणि कुटुंब आणण्याची मुभा मिळे. मलबारातल्या १९२१ च्या उठावानंतर तेथे धाडलेल्या मापिल्ला कैद्यांची कुटुंबे सरकारने मुद्दाम नेली, आणि आजही दक्षिण अंदमानात मंजेरी, तिरूर अशी मलबारी नावांची गावे आहेत. मराठीत 'काळे पाणी' म्हटले की १९२७ सालचे सावरकरांचे 'माझी जन्मठेप' आठवते. राजकारण बाजूला ठेवूनही ते पुस्तक मराठी गद्यातले एक थोर लेखन आहे, आणि निघण्यापूर्वीच्या पत्नीच्या भेटीचा त्यातला प्रसंग ज्याने वाचला तो विसरलेला नाही. तरी ते पुस्तक बोटीबरोबर जाते. मागे राहिलेलीबरोबर थांबत नाही. सावरकरांच्या वडील बंधूंच्या पत्नी येसूवहिनी पतीच्या भेटीची वाट पाहत १९१९ साली ती भेट न होताच वारल्या. त्यांच्या बाजूने तेवढ्याच तोलाचे पुस्तक मराठीत लिहिले गेले असते तर? ज्याला शिक्षा झाली त्याची लेखणी आपल्याजवळ आहे. जिला शिक्षा झाली नव्हती तिची नाही.

मात्र 'जाऊ की नको' हा प्रश्न बाईच्या तोंडून ऐकायचा तर मराठी वाचकाला रशियात जाण्याची गरज नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत. तेथे तुरुंग नाही, पण १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी धर्मांतर केल्यावर बाईंपुढे आला तो प्रश्न जातीचा तोच होता: नवरा ज्या जगात गेला तेथे आपण राहायला जायचे का? लोकलाज, मुलाची काळजी, नवऱ्याविषयीची ओढ आणि रागही, चेकॉव्हने मांडलेली बहुतेक सगळी कारणे तेथे आहेत. त्या गेल्या, पण आपल्या अटींवर गेल्या; आपला सोवळ्याओवळ्याचा स्वयंपाक काही काळ निराळा ठेवून, डोळे उघडे ठेवून, आणि स्वतःला पटले तेव्हाच १९०० साली ख्रिस्ती झाल्या. चेकॉव्हच्या ग्रंथात जो आवाज नाही म्हणून मी हळहळलो, तो आपल्या भाषेत एका फारसे शिक्षण न मिळालेल्या बाईने मनमोकळा, हसत-रडत काढून ठेवला आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. एकात निर्णयाची किंमत मोजली आहे, दुसऱ्यात निर्णय घेणारी आहे.

आपल्या सीमाभागातल्या घरांना या वाचनाचे अगत्य का वाटावे, हेही सांगून टाकतो. आपली घरे सतत कोठे तरी निघालेली असतात. कोणी पुण्याला, कोणी आखाती देशात, कोणी नोकरीच्या गावी, कोणी मुलांच्या शाळेसाठी कोल्हापूरला. हिंडलग्याचा तुरुंग आपल्या उशाशी आहे, आणि तेथल्या भिंतीमागे असलेल्यांचीही घरे कोठे ना कोठे आहेत. बहुतेक वेळा आधी एक पुरुष जातो आणि मग तेथून बोलावणे येते: जागा चांगली आहे, हवा बरी आहे, लोक आपलेच आहेत. ते लिहिणारा आपला माणूस असतो, आणि एकटा असतो. म्हणून त्याचे वर्णन थोडे सावधपणे वाचावे, एवढे चेकॉव्ह शिकवतो. जाऊ नये असे तो सांगत नाही. जाणारीला गावाची खरी माहिती मिळावी, निघण्यापूर्वी तिचे आणि कळत्या मुलांचे म्हणणे ऐकले जावे, आणि परतीची वाट तिच्यासाठी उघडी राहावी, या तीन गोष्टी सखालिनवर नव्हत्या, म्हणून तेथल्या त्यागाला त्याने त्याग म्हटले तरी त्याचे गुणगान केले नाही.

चेकॉव्ह परतला. बेटावरच्या शाळांसाठी त्याने पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या, आणि त्याच्या ग्रंथामुळे तेथल्या स्थितीची चर्चा रशियात सुरू झाली. रशिया-जपान युद्धानंतर १९०६ साली सखालिनची सक्तमजुरीची वसाहत बंद झाली. चेकॉव्ह त्याआधी दोन वर्षे, १९०४ साली, क्षयाने गेला होता. तांबड्या रेघांची ती कार्डे मात्र हजारोंच्या संख्येने अजून जपलेली आहेत. लग्न कोठे झाले हे त्यांच्यावर लिहिलेले आहे. निघायचे कोणी ठरवले, हा रकाना त्यांवर नाही. तो शोधायचा तर सोळावे प्रकरण उघडावे लागते.